वीस कोटींचा नकार : सिनेटर पानफिलो लॅक्सन यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

फिलिपिन्समध्ये 2013 साली बंद होण्यापूर्वी खासदार निधीची जी योजना चालू होती, तिच्यात प्रत्येक सिनेटरच्या वाट्याला वर्षाला 20 कोटी पेसो आणि प्रतिनिधीगृहाच्या प्रत्येक सदस्याच्या वाट्याला 7 कोटी पेसो येत. ही रक्कम सदस्याच्या खिशात जात नसे. ती कोणत्या कामावर, कोणत्या गावात आणि कोणत्या संस्थेमार्फत खर्च व्हावी हे तो ठरवत असे, आणि सगळी ताकद त्या ठरवण्यातच होती. पानफिलो लॅक्सन 2001 मध्ये सिनेटवर निवडून आले आणि 2013 पर्यंत सलग दोन मुदती तिथे राहिले. या काळात त्यांनी आपल्या वाट्याचा हा निधी वापरायचे नाकारले. त्यांच्या कारकिर्दीबद्दल टोकाची मते ऐकू येतात, पण या एका गोष्टीची नोंद त्यांचे विरोधकही घेतात.

हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण त्या नकाराचे कौतुक करणे एवढेच नाही. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत एखाद्या माणसाच्या हाती मोकळा अधिकार देणे धोक्याचे आहे, असे जो लोकप्रतिनिधी वीस वर्षांहून अधिक काळ सांगत आला, त्यानेच दहशतवादविरोधी कायद्यात सुरक्षा यंत्रणांच्या हाती बराच मोकळा अधिकार दिला. या दोन भूमिका एकाच माणसात कशा नांदतात हे समजून घेतले, तर त्या देशातील खर्चाचे आणि सत्तेचे राजकारण बरेचसे उलगडते.

पोलीस खात्यातून सिनेटपर्यंत

लॅक्सन यांचा जन्म 1 जून 1948 रोजी मनिलाच्या दक्षिणेला असलेल्या काविते प्रांतातील इमुस येथे झाला. वडील जीपनी, म्हणजे तिथली प्रवासी गाडी, चालवत. फिलिपिन्स मिलिटरी अकादमीतून 1971 मध्ये बाहेर पडल्यावर ते तेव्हाच्या कॉन्स्टॅब्युलरीत, म्हणजे लष्करी धाटणीच्या पोलीस दलात, दाखल झाले आणि मनिला महानगराच्या गुप्तवार्ता पथकात काम करू लागले. पुढच्याच वर्षी फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. तरुण अधिकारी म्हणून लॅक्सन यांची घडण त्या राजवटीत झाली, हे पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

त्या काळातील दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. उद्योगपती जॉन गोकोंगवेई यांची मुलगी रॉबिना हिचे 1981 मध्ये अपहरण झाले. तिच्या सुटकेच्या कारवाईचे नेतृत्व लॅक्सन यांनी केले आणि कुटुंबाने देऊ केलेले बक्षीस घेतले नाही. पैशाला हात न लावणारा अधिकारी ही त्यांची प्रतिमा इथून सुरू होते. दुसरी नोंद न्यायालयीन आहे. मनिलातील भूमिगत कम्युनिस्टांच्या ठिकाणांवर घातलेल्या लष्करी छाप्यांत बेकायदा अटक आणि छळ झाल्याची तक्रार करत काही नागरिकांनी अधिकाऱ्यांविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. प्रतिवादींच्या यादीत मार्कोस यांचे लष्करप्रमुख जनरल फाबियान वेर यांच्यासह लेफ्टनंट कर्नल लॅक्सन यांचेही नाव होते. वरच्या हुकमाचे पालन केले म्हणून किंवा बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावण्याचा, अधिकार स्थगित होता म्हणून अधिकाऱ्यांवरचा असा दावा फेटाळता येणार नाही, असे फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ठरवले. आरोप खरे की खोटे यावर त्या निकालात काही म्हटलेले नव्हते. दावा चालू शकतो एवढेच म्हटले होते. तरीही 'अबेर्का विरुद्ध वेर' हा निकाल फिलिपिन्सच्या विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो.

पुढे अध्यक्ष फिडेल रामोस यांच्या काळात, उपाध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांच्या अखत्यारीतील गुन्हेविरोधी आयोगात लॅक्सन एका विशेष पथकाचे प्रमुख होते. मे 1995 मध्ये केसोन सिटीच्या कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूवर कुरातोंग बालेलेंग या टोळीचे 11 संशयित मारले गेले. पोलिसांनी ती चकमक असल्याचे सांगितले, तर पोलीस दलातीलच एका अधिकाऱ्याने ताब्यातील माणसांना मारल्याचे सांगितले. लॅक्सन यांच्यावर खटला झाला, तो रद्द झाला, 2001 नंतर पुन्हा उभा राहिला, पुन्हा रद्द झाला आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्दबातलीवर शिक्कामोर्तब केले. दुसरे प्रकरण प्रसिद्धी सल्लागार साल्वादोर डासेर आणि त्यांचे चालक यांच्या नोव्हेंबर 2000 मधील खुनाचे होते. त्यात आरोप दाखल होत असताना, जानेवारी 2010 मध्ये, विद्यमान सिनेटर असलेले लॅक्सन देश सोडून गेले. अपील न्यायालयाने फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांच्याविरुद्धचा खटला रद्द केला आणि मार्चअखेर ते परतले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकरणांत त्यांच्यावर दोष नाही. मात्र कायदे करणारा माणूस वर्षभराहून अधिक काळ अटक वॉरंट चुकवत होता, ही घटना त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही आणि पुसूही नये.

एस्त्रादा अध्यक्ष झाल्यावर नोव्हेंबर 1999 मध्ये लॅक्सन राष्ट्रीय पोलीस दलाचे प्रमुख झाले. रस्त्यावर जीपनी आणि ट्रकचालकांकडून होणारी हप्तेवसुली त्यांनी मोडून काढायला घेतली, पोट सुटलेल्या पोलिसांसाठी कमरेची मर्यादा 34 इंच ठरवली आणि मुख्यालयात अडकणारा पैसा ठाण्यांपर्यंत पोचवला. दलाच्या खर्चापैकी 85 टक्के रक्कम खालच्या घटकांना आणि 15 टक्के मुख्यालयाला, हे सूत्र ते आजही सांगतात. जानेवारी 2001 मध्ये एस्त्रादा यांची सत्ता गेली तेव्हा त्यांचे पदही गेले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते सिनेटवर पोचले.

निधी कसा चालत असे आणि तो नाकारणे कोणाला परवडत असे

सदस्यांच्या मर्जीने वाटल्या जाणाऱ्या रकमांचा इतिहास तिथे 1922 च्या सार्वजनिक बांधकाम कायद्यापासून सांगितला जातो. आधुनिक रूप कोराझोन अकिनो यांच्या काळात, 1990 मध्ये आले आणि 2000 मध्ये त्याला प्राधान्य विकास साहाय्य निधी हे नाव मिळाले. अर्थसंकल्पात एक ठोक रक्कम मंजूर व्हायची. मग सदस्य पत्र लिहून काम, ठिकाण आणि बहुतेक वेळा संस्थाही सुचवायचा, अर्थसंकल्प खाते रक्कम सोडण्याचा आदेश काढायचे आणि शेती किंवा उपजीविकेशी संबंधित एखादे सरकारी महामंडळ ती रक्कम स्वयंसेवी संस्थेकडे वळवायचे. रक्कम सोडण्याची चावी अध्यक्षांच्या हाती असल्यामुळे विरोधी सदस्याचा निधी महिनोन्महिने अडकवून ठेवता येत असे आणि साथ देणाऱ्याचा झटपट मोकळा होत असे. सदस्य निधीचा मालक असला, तरी त्या निधीमुळेच तो अध्यक्षांचा बांधील होता.

लॅक्सन यांनी 2003 मध्ये सिनेटमध्ये केलेल्या भाषणात आपण या निधीशिवाय राहणार असल्याचे जाहीरपणे मांडले. मंजूर रकमेतून कोणाकोणाची टक्केवारी निघते आणि प्रत्यक्ष कामाला किती उरते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. मराठी वाचकाला टक्केवारी काय असते हे समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे थोडे थांबून त्यांच्या नकाराची किंमत मोजली पाहिजे. फिलिपिन्सचा सिनेटर संपूर्ण देशातून निवडून येतो. त्याला मतदारसंघ नसतो. प्रतिनिधीगृहाच्या सदस्याकडे मात्र त्याच्या जिल्ह्यातील माणसे शाळेची खोली, पूल, रुग्णालयाचे बिल आणि अंत्यविधीचा खर्च मागायला रोज येतात, आणि त्याने निधी नाकारला तर पुढच्या निवडणुकीत त्याची जागा घ्यायला दुसरे घराणे तयारच असते. सिनेटरचे बरेचसे भवितव्य देशभरातल्या ओळखीवर, दूरचित्रवाणीवर आणि एखाद्या गाजलेल्या चौकशीवर ठरते. माजी पोलीस प्रमुख म्हणून लॅक्सन यांच्याकडे ही ओळख आधीच होती. म्हणून त्यांचा नकार प्रामाणिक असला, तरी तो ज्या जागेवरून केला गेला ती जागा सोयीची होती, असे माझे मत आहे. त्याच जागेवर बसलेल्या बहुसंख्य सहकाऱ्यांनी मात्र तो केला नाही, आणि लॅक्सन यांचे श्रेय नेमके तेवढे आहे. ज्येष्ठ मानवाधिकार वकील आणि सिनेटर जोकर अरोयो हे त्या काळातील दुसरे ठळक नाव. लॅक्सन सुरक्षा यंत्रणेतून आले, तर अरोयो त्याच यंत्रणेने डांबलेल्यांचे खटले लढवत आले. इतक्या भिन्न वाटांनी आलेली दोन माणसे निधीच्या बाबतीत एकाच निष्कर्षावर पोचली, हे बोलके आहे.

नाकारलेल्या पैशाचे काय होत असे, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. तो तिजोरीत राहिला, असे म्हणून समाधान मानता येत नाही. न वापरलेली तरतूद वर्षाअखेर शिल्लक ठरली की तिचा उपयोग ठरवण्याचा अधिकार बऱ्याच अंशी कार्यकारी शाखेकडे जातो. बेनिग्नो अकिनो तिसरे यांच्या सरकारने 2011 पासून अशा शिलकी गोळा करून खर्चाला वेग देणारी एक योजना चालवली आणि तिच्यातील मुख्य पद्धती सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2014 मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. एका सिनेटरने सोडलेला अधिकार नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या हाती जातो. लॅक्सन यांच्या नकाराची मर्यादा इथे स्पष्ट दिसते.

कार्यालयीन खर्चाची बाजू याहून कमी चर्चेत राहिली. जानेवारी 2013 मध्ये सिनेटचे अध्यक्ष हुआन पोन्से एन्रिले यांनी वर्षाअखेरच्या शिलकीतून बहुतेक सिनेटरांना प्रत्येकी 16 लाख पेसो जादा दिल्याचे आणि आपल्या चार टीकाकारांची अडीच लाखांवर बोळवण केल्याचे बाहेर आले. लॅक्सन त्या वेळी सिनेटच्या हिशेब समितीचे अध्यक्ष होते. वादात कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की सिनेटरांना कार्यालयीन खर्चाचा मोठा भाग पावत्यांऐवजी स्वतःच्या सहीच्या प्रमाणपत्रावर दाखवता येत असे. खर्च झाला, असे खर्च करणाऱ्यानेच लिहून दिले की हिशेब पुरा होई. तालुक्याच्या ठिकाणचा कारकून चहाच्या बिलासाठी पावती जोडतो आणि देशाचा कायदा करणाऱ्याला ती लागत नाही, ही स्थिती कोणत्याही लोकशाहीला शोभणारी नव्हती.

2013 : निधी संपला तो कोणामुळे

जुलै 2013 मध्ये मनिलाच्या वृत्तपत्रांत जॅनेट लिम नापोलेस या व्यावसायिक महिलेचे नाव आले. खोट्या स्वयंसेवी संस्थांमार्फत दहा वर्षांत 1,000 कोटी पेसोंचा निधी वळवल्याचा आरोप होता. पुढच्याच महिन्यात लेखापरीक्षण आयोगाने 2007 ते 2009 या काळाचा विशेष अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात 82 स्वयंसेवी संस्थांकडे गेलेल्या 615 कोटी पेसोंहून अधिक रकमेवर बोट ठेवले. नापोलेस यांच्याकडे काम केलेल्या साक्षीदारांनी जे सांगितले ते ऐकून सामान्य माणूस हादरला: कार्यालयात बसून कर्मचारीच शेतकऱ्यांच्या आणि लाभार्थ्यांच्या नावाने सह्या ठोकत, माल मिळाल्याच्या पोचपावत्या तयार करत, आणि ज्या शेतकऱ्याच्या नावाने खत किंवा अवजारे गेली तो माणूसच अस्तित्वात नसे. त्या महिन्याच्या 26 तारखेला मनिलाच्या लुनेता उद्यानात जनसागर लोटला. 19 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निधी घटनाबाह्य ठरवला.

न्यायालयाचे म्हणणे मुळातून समजून घेण्यासारखे आहे. कायदेमंडळाचे काम अर्थसंकल्प मंजूर करण्यापाशी संपते. त्यानंतर सदस्याने काम निवडणे म्हणजे अंमलबजावणीत शिरणे होय, आणि जो स्वतः अंमलबजावणीत शिरला तो तिच्यावर देखरेख कशी करणार, असा तो युक्तिवाद होता. याच न्यायालयाने 1994 मध्ये या निधीचा पूर्वावतार वैध ठरवला होता आणि 2012 मध्ये पुराव्याअभावी त्याविरुद्धची याचिका फेटाळली होती. म्हणजे घटना तीच होती आणि निधीही तोच होता. फरक पडला तो कागदपत्रांनी, साक्षीदारांनी आणि रस्त्यावर आलेल्या माणसांनी. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये खासदार निधी वैध ठरवला आणि महाराष्ट्रात आमदार निधीशिवाय राजकारणाची कल्पनाही कोणी करत नाही, त्यामुळे मनिलाचा हा निकाल आपल्याकडच्या अभ्यासकांनी वाचायला हवा. आपल्याकडे काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि सदस्य फक्त शिफारस करतो, हा भेद खरा आहे. पण शिफारस डावलली जाणे किती दुर्मीळ आहे, हे जिल्हा नियोजनाच्या बैठकीला बसलेल्या कोणालाही विचारावे.

या साऱ्यात लॅक्सन यांचा वाटा किती? दहा वर्षे ते बोलत होते आणि निधी चालूच होता. त्यांच्या उदाहरणाने सभागृहाचे वर्तन बदलले नाही. बदल घडवला तो आतल्या माहितगारांनी, वृत्तपत्रांनी, लेखापरीक्षकांनी आणि न्यायालयाने. तरीही निधीशिवाय राजकारण करताच येत नाही, हा जो युक्तिवाद प्रत्येक सदस्य करत होता, तो त्यांच्या दोन मुदतींनी खोटा पाडला होता. वाद पेटला तेव्हा हे उदाहरण हाताशी होते, आणि एवढे योगदानही लहान नाही. घोटाळ्यात अडकलेल्या एन्रिले, जिंगॉय एस्त्रादा आणि रामोन रेव्हिया या तिन्ही सिनेटरांची लुटीच्या मुख्य आरोपातून पुढे सुटका झाली, हे इथे नोंदवणे भाग आहे.

सिनेटची मुदत संपल्यावर, डिसेंबर 2013 मध्ये, हैयान वादळाने, म्हणजे तिथल्या भाषेत योलांदाने, उद्ध्वस्त केलेल्या भागाच्या पुनर्वसनाची जबाबदारी अध्यक्ष अकिनो यांनी त्यांना दिली. सहा हजारांहून अधिक माणसे या वादळात गेली होती. सुमारे 16,800 कोटी पेसोंचा पुनर्वसन आराखडा तयार झाला, पण लॅक्सन यांच्या पदाकडे समन्वयाचे काम होते. पैसा खात्यांकडे होता आणि खात्यांना हुकूम देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. फेब्रुवारी 2015 मध्ये ते बाहेर पडले.

सुरक्षेची भूमिका

2016 मध्ये ते पुन्हा सिनेटवर आले. अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेच्या या काळात लॅक्सन यांची भूमिका सरळ रेषेत मांडता येत नाही. अल्बुएरा गावचे महापौर रोलांदो एस्पिनोसा यांना नोव्हेंबर 2016 मध्ये तुरुंगाच्या कोठडीतच पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लॅक्सन यांनी चौकशीत पोलिसांची चकमकीची कथा मानली नाही आणि सिनेटच्या अहवालात तो पूर्वनियोजित खून असल्याचे म्हटले गेले. चकमकीच्या आरोपातून स्वतः गेलेल्या माणसाने ही भूमिका घेतली, याला वजन आहे. पण संपूर्ण मोहिमेच्या पायालाच आव्हान देणाऱ्या विरोधी गटात ते बसले नाहीत.

3 जुलै 2020 रोजी मंजूर झालेल्या दहशतवादविरोधी कायद्याचे सिनेटमधील मुख्य प्रवर्तक लॅक्सन होते. 2007 चा जुना कायदा पोलिसांना इतका जाचक आहे की तो वापरलाच जात नाही, असे ते म्हणत, आणि 2017 मध्ये मरावी शहर पाच महिने अतिरेक्यांशी चाललेल्या लढाईत बेचिराख झाल्यानंतर या म्हणण्याला आधार मिळाला होता. नव्या कायद्याने संशयिताला न्यायालयीन वॉरंटशिवाय 14 दिवस आणि वाढवून आणखी 10 दिवस कोठडीत ठेवण्याची मुभा दिली. जुन्या कायद्यात चुकीच्या अटकेसाठी दिवसाला 5 लाख पेसोंची जी भरपाई होती, ती काढून टाकली. त्याविरुद्ध 37 याचिका दाखल झाल्या. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदर्शने आणि मतभेद यांना दहशतवादाच्या व्याख्येत ओढू शकणारा शब्दसमूह आणि परदेशी यंत्रणांच्या विनंतीवरून माणसांना दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याची तरतूद रद्द केली. उरलेला बहुतेक कायदा कायम राहिला.

माझा आक्षेप इथे आहे. निधीच्या बाबतीत लॅक्सन यांचा विचार असा, की माणूस भला असो वा बुरा, त्याच्या हाती मोकळा अधिकार दिला की गैरवापर ठरलेला, म्हणून अधिकारच काढून घ्यावा. कोठडीच्या बाबतीत मात्र कायद्यात पुरेशी कुंपणे आहेत आणि अधिकाऱ्यांवर विश्वास ठेवावा, असे ते सांगतात. दिवसाला 5 लाखांची भरपाई पोलिसाला घाबरवत होती, हे खरेच आहे. घाबरवण्यासाठीच ती होती. लुटलेली तिजोरी लेखापरीक्षक पुढे कधीतरी शोधून काढू शकतो. कोठडीतले 24 दिवस कोणताही लेखापरीक्षक परत आणू शकत नाही. लष्करी कायद्याच्या काळातील छाप्यांच्या दाव्यात ज्यांचे नाव प्रतिवादी म्हणून आले होते, त्यांनी तरी हा धोका अधिक जवळून ओळखायला हवा होता.

विचार बदलण्याची त्यांची तयारी मात्र मान्य केली पाहिजे. फाशीची शिक्षा परत आणण्याचा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला आणि 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी तो सोडून दिला. निर्दोष माणूस फासावर जाण्यापेक्षा दोषी आयुष्यभर तुरुंगात राहिलेला बरा, असे त्यांनी सांगितले. त्या निवडणुकीत ते पाचव्या स्थानावर राहिले. 2004 मध्येही ते अध्यक्षपदासाठी लढले होते आणि 35 लाख मते घेऊन तिसरे आले होते. खर्चाच्या बाबतीतील स्वच्छ प्रतिमेवर सिनेट जिंकता येते, पण अध्यक्षपद जिंकता येत नाही, असे या आकड्यांवरून दिसते.

नावे बदलली, वाटा उरल्या

निधी बंद झाल्यानंतर सदस्यांची पसंती अर्थसंकल्पाच्या आत शिरली. आधी ठोक रक्कम मंजूर होऊन काम नंतर ठरत असे. आता काम आधीच यादीत घुसवले जाते आणि तेही बहुधा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत, शेवटच्या काही दिवसांत. 2019 च्या अर्थसंकल्पावर याच कारणाने चार महिने घोळ चालला आणि अखेर दुतेर्ते यांनी 9,500 कोटी पेसोंहून अधिक रकमेची बांधकामे नाकारली. लॅक्सन त्या वादात रोज बोलत होते.

2025 मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि त्याच पावसाळ्यात पूर नियंत्रणाचा विषय फुटला. अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांनी ऑगस्टमध्ये जाहीर केले की जुलै 2022 पासूनच्या सुमारे 54,500 कोटी पेसोंच्या पूर नियंत्रण कामांपैकी जवळपास पाचवा हिस्सा केवळ 15 कंत्राटदारांकडे गेला आहे. बुलाकान प्रांतातील बालिवाग येथे ते स्वतः पाहणीला गेले. कागदोपत्री तिथे 220 मीटर लांबीची, साडेपाच कोटी पेसोंची काँक्रीटची नदीभिंत पूर्ण होऊन तिचे पैसेही दिले गेले होते. जागेवर भिंत नव्हती. दरवर्षी वीसच्या आसपास वादळे झेलणाऱ्या देशात, गुडघाभर पाण्यात मुलांना खांद्यावर घेऊन शाळेत पोचवणाऱ्या बुलाकानच्या माणसांच्या नावावर ही भिंत लिहिलेली होती.

त्याच महिन्यात लॅक्सन यांनी सिनेटमध्ये वाट्यांची साखळी मांडली. त्यांच्या म्हणण्यानुसार बांधकाम खात्यातील अधिकारी, निविदा समिती आणि आपल्या भागातून काम जाऊ देण्याबद्दल पैसे घेणारा स्थानिक पुढारी यांचे वाटे ठरलेले असतात, आणि सर्वांत मोठा, 20 ते 25 टक्क्यांचा वाटा ज्याने अर्थसंकल्पात ती रक्कम आणली त्याचा असतो. वाईटातल्या वाईट प्रकरणी कामावर 40 टक्केच उरतात, असा त्यांचा दावा होता. सप्टेंबरमध्ये ते भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या ब्लू रिबन समितीचे अध्यक्ष झाले. मागील सिनेटच्या जवळपास सर्व सदस्यांनी 2025 च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक तरतुदी घुसवल्या आणि त्यांची बेरीज 10,000 कोटी पेसोंच्या घरात जाते, असे त्यांनी सांगितल्यावर सहकारी नाराज झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा स्वीकारले.

सिनेटरांची चौकशी सिनेटरांनीच करायची, ही त्या समितीची जन्मजात अडचण आहे आणि लॅक्सन यांच्या स्वच्छ हिशेबाने ती दूर होत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट अधिक साधी आणि अधिक कामाची आहे. अर्थसंकल्पात आपण कोणत्या खात्यासाठी, कोणत्या कामासाठी, किती रकमेची दुरुस्ती मागितली, हे ते आपल्या संकेतस्थळावर लेखी प्रसिद्ध करत आले आहेत. संबंधित खात्याने मागणी केलेली आणि त्याच्या आराखड्यात बसणारी दुरुस्तीच आपण मांडतो, असे ते सांगतात. त्यावर वाद घालता येतो, आणि नाव व रकमेसह ती समोर ठेवलेली असल्यामुळेच तो घालता येतो. प्रत्येक तरतुदीपुढे ती मागणाऱ्याचे नाव छापणे संयुक्त समितीसह सर्व सदस्यांवर कायद्याने बंधनकारक झाले, तर बालिवागच्या नसलेल्या भिंतीपुढेही एक नाव छापलेले असेल आणि ते शोधण्यासाठी चौकशी समिती नेमावी लागणार नाही.